नाव घेऊन केलेली प्रार्थना

बऱ्हाणपुराहून उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरांवर असीरगड आहे. १८१९ साली शिंद्यांचे किल्लेदार यशवंतराव लाड यांजकडून इंग्रजांनी तो जिंकून घेतला व पुढे दीर्घकाळ तेथे आपली शिबंदी ठेवली. त्या अमलातील गोऱ्यांच्या कबरी गडावर आहेत. सातासमुद्रांपलीकडे कोणा माउलीने आपल्या गावच्या चर्चमध्ये यांच्यासाठी गुडघे टेकले असतील, हा विचार तेथे गेले असता मनात आल्यावाचून राहत नाही.

परमुलखी गेलेल्या सैनिकासाठी प्रार्थना करण्याची ख्रिस्ती समाजातील रीत जुनी आहे. रविवारच्या उपासनेत ज्या मध्यस्थीच्या प्रार्थना होतात, त्यांत आजाऱ्यांबरोबर व प्रवाशांबरोबर सैनिकांचेही स्मरण केले जाते. पहिल्या महायुद्धात ३ जानेवारी १९१५ हा रविवार ब्रिटनमध्ये अशा प्रार्थनेसाठी खास पाळला गेला. गावोगावच्या चर्चमध्ये रणावर गेलेल्यांच्या याद्या लागल्या आणि त्यांतील नावे उच्चारून प्रार्थना होऊ लागली. या रीतीचे मर्म आम्हांस त्या नाव घेण्यात दिसते.

मराठी मनाला हे परके नाही. नामस्मरण हा तर आपल्या संतांचा राजमार्ग. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणले, तेव्हा मराठी ख्रिस्ती समाजालाही तो मार्ग आपलाच वाटला. आणि पहाटे जात्यावर बसून दूरच्या भावाचे नाव ओवीत गुंफणारी बहीण दुसरे काय करीत होती?

त्याच महायुद्धात आपली माणसे समुद्र ओलांडून गेली. ज्या समाजात समुद्रगमन एके काळी निषिद्ध मानले जाई, त्या समाजातील तरुण फ्रान्सात व इराकात उतरले. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी डिसेंबर १९१५ पासून कुत येथे वेढ्यात सापडल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने जर्जर झालेल्या त्या फौजेने शस्त्रे खाली ठेवली. पुढे बंदिवासात कित्येकांनी प्राण सोडले.

फ्रान्सातील हिंदी सैनिकांमध्ये वाय. एम. सी. ए. या ख्रिस्ती संस्थेचे कार्यकर्ते काम करीत. धर्मोपदेश करावयाचा नाही, या अटीवर सरकारने त्यांना परवानगी दिली होती. ही अट पाळून त्यांनी तंबूंत कागद-लेखणी ठेवली, खेळांची सोय केली आणि निरक्षर शिपायांची पत्रे लिहून दिली. ज्याच्यासाठी प्रार्थना करावयाची, त्याच्याच शब्दांत त्याच्या आईला खुशाली कळवावयाची! प्रार्थनेचा अर्थ ओठांपुरता नसतो, हे यावरून उमगते.

येथे एक शंका वाचकांच्या मनात येईल. दोन्ही बाजूंचे लोक एकाच देवाची करुणा भाकत असतील, तर त्याने कोणाचे ऐकावे? जर्मन शिपायाच्या कमरपट्ट्याच्या बकलावरही देव आमच्या बाजूस आहे, अशा आशयाची अक्षरे कोरलेली असत. जयाची मागणी करणारी प्रार्थना या प्रश्नापुढे निरुत्तर होते. परंतु आमचा अमुक सुखरूप राहो, त्याच्या हातून अधर्म न घडो, एवढेच मागणाऱ्या आईला हा प्रश्न अडवू शकत नाही. शत्रूच्या आईचे मागणेही तेच असते.

मात्र नावाची ही किंमत राज्यकर्त्यांना नेहमीच कळली असे नाही. इराकातील बसरा येथे चाळीस हजारांहून अधिक मृत सैनिकांचे स्मारक आहे. त्यावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. सामान्य हिंदी शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या नोंदली गेली. हा दुजाभाव होता, हे राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाने २०२१ साली मान्य केले. त्याला शंभर वर्षे लागली. दगडावर जो आकडा झाला, तो घरच्या देव्हाऱ्यापुढे अथवा चर्चच्या बाकावर शेवटपर्यंत माणूसच राहिला होता.

स्वातंत्र्यानंतरही आपले सैनिक परदेशी गेले. १९५० साली कोरियात भारतीय वैद्यकीय पथक पोहोचले. पुढे कांगो, लेबॅनॉन, दक्षिण सुदान येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिकार्यात आपल्या पथकांनी भाग घेतला. त्यात दीडशेहून अधिक भारतीयांनी प्राण वेचले. आपल्या सैन्यात पंडित, मौलवी, ग्रंथी आणि पाद्री हे धर्मशिक्षक म्हणून नेमले जातात, ही आम्हांस अभिमानाची गोष्ट वाटते.

महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांत पणजोबा पलटणीत होते, एवढेच पुष्कळांना ठाऊक असते. त्यांचे नाव, गाव, पलटण व मोहीम घरातील वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहून ठेवावी, असे आमचे वाचकांना सांगणे आहे. सांगणारी माणसे आहेत तोवरच हे होईल. आणि आज घरातले कोणी दूरदेशी सेवेत असेल, तर सायंकाळी दिवा लावताना त्याचे नाव मुलांच्या कानी पडेल असे मोठ्याने घ्यावे.