आय.टी.आय.च्या कमिटीवर कोण बसते?

मागच्या वर्षी दहावीच्या निकालानंतरचा रविवार. विहारात वंदना आटोपली, मुले चटया गोळा करू लागली आणि वस्तीतल्या एक ताई हातात कागद घेऊन आमच्यापाशी आल्या. ताई चार घरची धुणीभांडी करतात. मुलाला ६१ टक्के मिळाले होते, त्याला फिटर व्हायचे होते. सरकारी आय.टी.आय.त कुणीतरी त्यांना सांगितले, फिटरच्या साध्या जागा भरल्या, आता आय.एम.सी.च्या उरल्या आहेत, पण फी जास्त पडेल. ताईंनी विचारले, “दादा, हे आय.एम.सी. म्हणजे कोण? सरकारच्या शाळेत त्यांच्या जागा कशा?”

इतकी वर्षे समाजकार्य करतो, मुलांचे फॉर्म भरून देतो, पण या सरळ प्रश्नाचे उत्तर आम्हाला देता आले नाही. त्याची लाज वाटली. मग रजा टाकून ताईंबरोबर गेलो, कागद पाहिले, माणसांना विचारले. त्यातून जे कळले ते समाजबांधवांपुढे ठेवत आहोत.

कमिटी म्हणजे काय?

आय.एम.सी. म्हणजे संस्था व्यवस्थापन समिती. केंद्र सरकारने २००७-०८ साली देशातील १,३९६ सरकारी आय.टी.आय. उद्योगांच्या भागीदारीतून सुधारण्याची योजना आणली. प्रत्येक संस्थेशी एक कारखाना किंवा उद्योगसमूह जोडायचा आणि समितीला सुधारणेसाठी अडीच कोटी रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्ज द्यायचे, अशी ती योजना. पहिली दहा वर्षे हप्ता नाही, पुढे वीस वर्षांत परतफेड.

समितीची रचना अशी: अध्यक्ष उद्योगाचा. त्याने सुचवलेले स्थानिक उद्योगांचे चार सदस्य. राज्य शासनाने नेमलेले पाच सदस्य, त्यांत जिल्ह्याचा रोजगार अधिकारी, संचालनालयाचा प्रतिनिधी, एक शिक्षणतज्ज्ञ, एक शिक्षक आणि एक विद्यार्थी. प्राचार्य हे सदस्य-सचिव. या समितीला २० टक्क्यांपर्यंत प्रवेश ठरवण्याचा अधिकार योजनेतच दिलेला आहे. ताईंच्या प्रश्नाचे उत्तर ते हेच. त्या जागांची फी आम्ही पाहिली तेथे साध्या जागेहून बरीच जास्त होती.

कारखानदाराचा उपयोग काय?

उपयोग आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. शाळेतील यंत्र जुने होते, बाहेर कारखान्यात नवे येते. मुलगा दोन वर्षे साध्या लेथवर हात बसवतो आणि कामावर गेल्यावर समोर संगणकावर चालणारी सी.एन.सी. यंत्रे. पहिल्याच दिवशी तो गोंधळतो. ही दरी कुठे आहे हे रोज त्या यंत्रांपाशी उभा राहणारा माणूसच सांगू शकतो. कुठला ट्रेड वाढवावा, कुठल्याला आता मागणी नाही, कोणते मोजमापाचे साधन प्रत्येक मुलाच्या हातात असायलाच हवे, शिक्षकांना कोणत्या कारखान्यात आठ दिवस पाठवावे, हे सल्ले मोलाचे असतात. नव्या अभ्यासक्रमात दरवर्षी १५० तास प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाचे किंवा गट-प्रकल्पाचे धरले आहेत. कारखान्याचे दार उघडले नाही तर त्या कामावरच्या तासांना अर्थ नाही.

आम्ही गेलो त्या संस्थेतही अध्यक्षांनी आपल्या कारखान्यातून मायक्रोमीटर आणि व्हर्नियरचे संच दिले होते आणि दरवर्षी काही मुले शिकाऊ म्हणून घेतली होती. एका शिक्षकांनी सांगितले, “ते बैठकीला आले की आमच्या मागण्या पुढे सरकतात.” पण त्याच संस्थेत कर्जाच्या रकमेचा मोठा भाग अनेक वर्षे मुदतठेवीत पडून होता आणि वर्कशॉपमधील दोन लेथ बंद होते. आम्ही कारकुनी करणारी माणसे, हिशेबाचे कागद वाचता येतात, म्हणून हे ध्यानात आले. व्याज वाढत होते, आणि एका लेथभोवती सहा-सहा मुले उभी होती.

शिवाय कारखानदाराचा सल्ला हा कारखानदाराच्या गरजेतून येतो. त्याला आज एका यंत्रावर एकच काम करणारा हात हवा असतो. आपल्या मुलाला मात्र चाळीस वर्षे पुरेल असे कौशल्य हवे असते. दोन्ही गरजा खऱ्या आहेत. म्हणूनच त्या टेबलावर दोन्ही बाजू बसल्या पाहिजेत.

बाबासाहेबांनी काय मागितले होते?

मुंबईच्या कापड गिरण्यांत जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. पुढे १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच ऑगस्टमध्ये दिल्लीत मालक, कामगार आणि सरकार अशा तिन्ही पक्षांची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. ऑक्टोबरमध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात त्यांनी विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आपल्या मुलांना शिकाऊ म्हणून घ्या, असे सांगितले. आणि त्याच निवेदनात केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळावर अनुसूचित जातींचे प्रतिनिधी मागितले.

ही शेवटची मागणी आपण विसरलो. शिष्यवृत्तीसाठी आपण मोर्चे काढतो, ते योग्यच आहे. पण सल्ला देणाऱ्या मंडळावर कोण आहे, हे आपण विचारत नाही.

फळ्यावरचे नाव

प्राचार्यांच्या खोलीत समितीच्या नावांचा फळा होता. आम्ही शेवटपर्यंत वाचला. विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून ज्याचे नाव होते, तो मुलगा दोन वर्षांपूर्वीच पास होऊन पुण्याकडे कामाला गेला होता. म्हणजे मुलांची एकच खुर्ची, तीही रिकामी. मुदतठेव, बंद लेथ, वाढीव फी यांबद्दल बैठकीत मुलांच्या बाजूने विचारायला कोणी नव्हते.

प्राचार्य वाईट माणूस नव्हते. म्हणाले, “अहो, आजवर कुणी विचारलेच नाही.” आम्ही पाच आयांच्या सह्यांचा अर्ज दिला, त्यात ताईंची सही पहिली. पत्रव्यवहाराला चार महिने गेले. आज त्या फळ्यावर इलेक्ट्रिशियनच्या वर्गातील एका मुलीचे नाव आहे. पहिल्या बैठकीत तिने दोनच गोष्टी विचारल्या असे कळले: लेथ केव्हा दुरुस्त होणार, आणि मुलींसाठी वर्कशॉपजवळ स्वच्छतागृह केव्हा होणार. एक लेथ सुरू झाला आहे. स्वच्छतागृह अजून कागदावर आहे.

आपण काय करावे?

हा प्रश्न आता मोठा होणार आहे. मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एक हजार सरकारी आय.टी.आय. सुधारण्याची ६० हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यातील १० हजार कोटी उद्योगांकडून अपेक्षित आहेत आणि कारभारात पुढाकार उद्योगांचाच राहणार आहे. पैसा येईल, यंत्रे येतील. त्या वेळी आपण दाराबाहेर उभे नसावे.

म्हणून आपल्या तालुक्याच्या आय.टी.आय.त जा. समितीवर कोण आहे, बैठक शेवटची केव्हा झाली, शिल्लक किती आणि कशावर खर्च झाला, हे विचारा. सांगितले नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज द्या. प्रवेशाच्या वेळी घाबरून जास्त फीची जागा घेऊ नका, आधी पुढील फेरीची तारीख विचारा. मुलगा पास झाला की शिकाऊ उमेदवारीची चौकशी करा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या कलम ३-अ प्रमाणे त्या जागांत अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव प्रमाण आहे, हे आपल्या फार थोड्या घरांत ठाऊक आहे. आणि आपल्यातून जे बांधव आज छोटे कारखाने चालवतात, त्यांनी स्थानिक सदस्य म्हणून आपले नाव पुढे करावे. विहाराला देणगी देता, तसा महिन्यातला एक दिवस या कामाला द्यावा.

ताईंच्या मुलाला फिटर मिळाले नाही. पुढच्या फेरीत मशिनिस्टच्या साध्या जागेवर त्याचा नंबर लागला. संध्याकाळी घरी आला की त्याच्या हाताला तेलाचा वास येतो, असे ताई कौतुकाने सांगतात. मागच्या रविवारी वंदनेनंतर त्यांनीच आम्हाला आठवण केली, “दादा, कमिटीची बैठक कधी आहे?”

जयभीम.