शिंगांचे मार्क कसे काढतात?

सोनईकरांनी काळवीट पाहायचा तर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी गाठावं. 1980 साली झालेलं हे अभयारण्य जेमतेम 2.17 चौरस किलोमीटरचं. काळविटाची पिळदार शिंगं आयुष्यभर टिकतात. आत हाड, वरून केराटिनचं आवरण. सांबराचं तसं नाही. त्याचं शिंग भरीव हाडाचं, फांद्या फुटणारं. ते गळून पडतं आणि नवं येतं.

अमेरिकेतला एल्क सांबराच्याच कुळातला. तिथे परवाना काढून शिकार होते आणि मग शिंगांना मार्क मिळतात! 1887 साली थिओडोर रूझवेल्ट यांनी स्थापलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबची पद्धत सर्वांत प्रसिद्ध. शिंगं आधी 60 दिवस वाळू द्यायची, कारण ओल गेली की ती आकसतात. मग टेपने, इंचाच्या आठव्या भागापर्यंत काटेकोर, मुख्य दांडा, प्रत्येक फाटा, चार ठिकाणचा घेर आणि दोन दांड्यांमधलं अंतर मोजायचं. बेरीज झाली की डाव्या-उजव्यातला फरक वजा! निसर्गाकडून एवढ्या सममितीची अपेक्षा जरा जास्तच. एल्कच्या 'टिपिकल' गटात कायमच्या नोंदवहीत येण्यासाठी किमान 375 गुण लागतात.

लंडनच्या रोलंड वॉर्ड यांची अशीच नोंदवही 1892 पासूनची. ब्रिटिश अमदानीतल्या साहेबांना तिचं भारी वेड.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने हा खेळ थांबला. जुन्या घरांत उगाळायला ठेवलेलं सांबरशिंगही आता बाजारात विकता येत नाही.