विहीर गावाची, दोर एकाच्या घरी

संकेतस्थळे उभारण्याची ‘वर्डप्रेस’ ही प्रणाली २००३ पासून सर्वांना मुक्त आहे. जगभरच्या स्वयंसेवकांनी ती लिहिली; तिचे नाव २०१० पासून एका प्रतिष्ठानाच्या स्वाधीन आहे. मग कलह कशाचा? कलह वितरणाचा. सुरक्षिततेच्या दुरुस्त्या व हजारो पूरक प्रणाली ज्या केंद्रावरून लक्षावधी स्थळांपर्यंत पोचतात, ते प्रतिष्ठानाचे नसून सहसंस्थापक मॅट मलेनवेग यांच्या व्यक्तिगत मालकीचे आहे, हे पुष्कळांना २०२४ मध्येच उमगले! त्या सप्टेंबरात त्यांचा ‘डब्ल्यूपी इंजिन’ ह्या कंपनीशी वाद पेटला आणि केंद्राचे दार तिला बंद झाले. ही कंपनी नावाचा लाभ घेते, परंतु प्रकल्पास हातभार लावीत नाही, हा त्यांचा आक्षेप कदाचित रास्तही असेल. तथापि दुरुस्त्या अडल्या त्या तिच्या निरपराध ग्राहकांच्या. डिसेंबरात कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने ते दार पुन्हा उघडावयास लावले. एखाद्या लहानशा शाळेवर असा प्रसंग आला, तर तिला न्यायालय कसे परवडावे? दोन दशके हे केंद्र चालविणाऱ्याचे ऋण मान्य करूनही म्हणावे लागते, की नावाप्रमाणे तेही विश्वस्तांकडे सोपवावे, आणि त्याचा खर्च त्यावर नफा कमावणाऱ्या कंपन्यांनी उचलावा.