शब्द तोच, अक्षर मोठं का?

पैनगंगा ओलांडली की यवतमाळ संपतं आणि आदिलाबाद लागतं. इथे मराठी आणि तेलुगू दोन्ही कानांवर पडतात. दोन्ही लिप्यांत लहान-मोठी अक्षरं नाहीत, त्यामुळे इथल्या मुलांना सामान्यनाम-विशेषनाम हा भेद समजत असला, तरी इंग्रजी लिहिताना त्यांचा हात अडतो.

'रिव्हर' कुठल्याही नदीला लागू, म्हणून 'आर' लहान. पैनगंगा एकाच नदीचं नाव, तिचा 'पी' मोठा. इथवर सोपं. पण 'धिस डिस्ट्रिक्ट' लिहिताना 'डी' लहान आणि 'आदिलाबाद डिस्ट्रिक्ट' लिहिताना तोच 'डी' सहसा मोठा, कारण तिथे तो नावाचा भाग झाला. म्हणून शब्दांच्या याद्या पाठ करून घेणं मला पटत नाही. शब्द वाक्यात काय काम करतो ते मुलांना पाहू द्यावं.

विशेषनामं कशी जुळतात, तेही इथेच दिसतं. 2016 साली जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. त्यांतल्या एकाचं नाव कोमरम भीम आसिफाबाद. गोंड नेत्याचं आणि गावाचं, अशी दोन विशेषनामं मिळून तिसरं तयार झालं.

विशेषनामाआधी 'द' येत नाही, हा नियमही अर्धाच खरा. आदिलाबादला 'द' लागत नाही, पण नदी 'द पैनगंगा'च होते. आणि मोठ्या अक्षराचा हा रिवाज सगळीकडे सारखा नाही. जर्मनमध्ये आजही प्रत्येक नाम मोठ्या अक्षरानं सुरू होतं. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्रजी छापखान्यांतही सामान्यनामांना सर्रास मोठं अक्षर देत. पुढे ती पद्धत मागे पडली.