डब्यात राहिलेला तैवान

ल्यू पी-च्या हे नाव आपल्या परिचयाचे असण्याचे कारण नाही. तैवानच्या पूर्वेकडील ह्वालिएन भागात, नदीच्या पात्रात दगड वाहणारा तो एक निवृत्त सैनिक. १९४९ मध्ये चीनमधील यादवी युद्ध हरल्यावर चिआंग कै-शेक यांच्या राजवटीबरोबर जे लक्षावधी लोक समुद्र ओलांडून या बेटावर आले, त्यांतला तो एक. परतीचा मार्ग बंद झालेला आणि सैन्यातली उमेद ओसरलेली. १९६० नंतरच्या दशकात लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात चित्रपटकला शिकणाऱ्या चेन याओ-ची या तरुणाने आपल्या पदवीसाठी अनुबोधपट करावयाचे ठरविले, तेव्हा त्याने विषय म्हणून कोणी सेनापती वा मंत्री निवडला नाही; हा हमाल निवडला. चित्रपटाला नावही त्या माणसाचेच दिले.

यात एवढे विशेष ते काय, असे आज कोणी विचारील. त्याचे उत्तर त्या काळात शोधले पाहिजे. तैवानात २० मे १९४९ रोजी लष्करी कायदा जारी झाला, तो १५ जुलै १९८७ रोजी उठला. या अडतीस वर्षांत कॅमेरा मुख्यत्वे सरकारच्या, लष्कराच्या आणि सत्ताधारी पक्षाच्या हाती होता. पडद्यावर दिसणारा निवृत्त सैनिक डोंगर फोडून रस्ते काढणारा, सदैव प्रसन्न, देशकार्यात रमलेला असे. पडद्यामागचा धीरगंभीर आवाज त्याचे गुणगान करी आणि त्याला स्वतःला मात्र बोलावयास अवसर मिळत नसे. चेन यांनी सैनिक तोच घेतला, कामही तेच घेतले. परंतु त्याच्याकडे पाहण्याची घाई केली नाही. एवढ्यानेच तो माणूस प्रतीक होण्यातून सुटला.

पाइ चिंग-जुइ यांची हकीकत याहून उद्बोधक आहे. रोमच्या सुप्रसिद्ध चित्रपट-विद्यालयात शिकून आलेल्या पाइंनी पक्षाच्या मालकीच्या चित्रपटसंस्थेत नोकरी धरली आणि १९६४ मध्ये ‘तैपेची सकाळ’ हा सुमारे वीस मिनिटांचा लघुपट चित्रित केला. पहाटेपासून जागे होत जाणारे शहर, रस्ते, कामाला निघालेली माणसे. कथा नाही, निवेदन नाही. याच सुमारास त्या संस्थेने ‘निरोगी वास्तववाद’ नावाचे धोरण पुकारले होते. वास्तव दाखवावे, पण त्याची प्रकृती ठणठणीत असावी, असा त्याचा मथितार्थ! पाइंच्या सकाळीत आक्षेप घेण्याजोगे काही नव्हते. तरीही ती प्रदर्शित झाली नाही. ध्वनीवाचून तशीच डब्यात राहिली. सुमारे अर्धशतकानंतर तैवानच्या चित्रपट-संग्रहालयाने ती दुरुस्त केली, संगीतकार लिम ग्योंग यांनी तिला संगीत दिले आणि लोकांनी ती पाहिली.

माझ्या मते, बंदीपेक्षा ही उपेक्षा अधिक घातक असते. बंदी घातलेल्या कृतीची निदान कागदोपत्री नोंद होते आणि तिच्याभोवती कुतूहल साचत राहते. कपाटात राहिलेल्या डब्याची आठवण मात्र तो ठेवणाऱ्या कारकुनाबरोबरच निवृत्त होते.

सरकारी छत्राबाहेर जे घडले ते एका नियतकालिकाभोवती घडले. १९६५ च्या जानेवारीत तैपेत ‘रंगभूमी’ या अर्थाच्या नावाचे एक त्रैमासिक निघाले. आपल्याकडील लघुअनियतकालिकांशी परिचय असलेल्यांना त्याची जातकुळी लगेच ओळखता येईल. १९६८ पर्यंत नऊ अंक काढून ते बंद पडले. युरोपातील नव्या चित्रपटांवरील लेख आणि संहिता त्यात भाषांतरित होत. जे चित्रपट पाहावयास मिळणे दुरापास्त होते ते ही मंडळी वाचत होती आणि वाचून स्वतः करीत होती! १९६६ मध्ये त्यांनी आपल्या छोट्या चित्रपटांचे खेळ केले. छायाचित्रकार चुआंग लिंग यांनी आपल्या पत्नीच्या गरोदरपणावर चित्रपट केला. पुढच्या वर्षी आपल्या नवजात अपत्यावर. देशकार्याच्या घोषणांनी भरलेल्या काळात स्वतःच्या घरातील पाळण्याकडे कॅमेरा वळविणे हीसुद्धा एक भूमिका होती. चुआंग लिंग यांचे वडील राजप्रासाद-संग्रहालयाचे अधिकारी. जपानी आक्रमणाच्या काळात शतकानुशतकांच्या चित्रांच्या पेट्या घेऊन ते चीनभर फिरले आणि त्या भ्रमंतीतच, १९३८ मध्ये, या मुलाचा जन्म झाला. प्राचीन चित्रांना असे राखणदार लाभले. मुलाच्या पिढीच्या फितींना कोणी लाभला नाही. ह्वांग ह्वा-चेंग यांचा ‘प्रयोग ००२’ तर हरवूनच गेला.

या मंडळींवर परकीयांच्या अनुकरणाचा आरोप झाला, आणि तो घरातूनच झाला. १९६५ मध्ये त्यांनी बेकेटचे ‘वेटिंग फॉर गोदो’ रंगमंचावर आणले, त्यानंतर कथाकार चेन यिंग-चेन यांनी उसन्या आधुनिकतेवर टीका करून वेगळी वाट धरली. १९६८ मध्ये त्यांना अटक झाली आणि १९७५ पर्यंत ते तुरुंगात होते. त्यांच्या टीकेत तथ्य होते, हे मान्य केले पाहिजे. मात्र चुआंग यांचा पाळणा आणि चेन याओ-चींचा हमाल हे उसने नव्हते. पाहण्याची रीत बाहेरून आली, पाहिले गेले ते घरचेच.

२०१८ मध्ये तैवानच्या आंतरराष्ट्रीय अनुबोधपट-महोत्सवाने या दशकातील उपलब्ध चित्रपट शोधून एकत्र दाखविले. मोउ तुन-फेइ यांचे १९६९ आणि १९७० मधील, प्रदर्शनच न लाभलेले दोन कथापटही त्यांत होते.

ल्यू पी-च्या यांचे पुढे काय झाले, याचा शोध त्याआधीच एकीने घेतला होता. मानवशास्त्रज्ञ हू ताइ-ली यांनी त्यांना ह्वालिएनमध्ये गाठले आणि २००४ मध्ये ‘दगडाचे स्वप्न’ हा अनुबोधपट पुरा केला. ल्यू तेथेच संसार थाटून म्हातारे झाले होते. आणि त्या भागातील लोक आता गुलाबी दगड गोळा करीत होते. ते घासून चकचकीत केले की आत डोंगर, ढग आणि नद्या दिसतात, म्हणून हौशी लोक ते विकत घेतात.