चिंतेचीच चिंता

आमच्या भांडगावाजवळून पुणे-सोलापूर महामार्ग जातो. गावातील कितीतरी घरांतली माणसे कंपन्यांत पाळीवर जातात, काही जण टेम्पो-ट्रक चालवतात. रात्री फोन लागला नाही की घरातल्या भगिनीच्या छातीत धडधड सुरू होते. ही पहिली चिंता, आणि तिला कारण आहे. तासाभराने फोन येतो, माणूस सुखरूप असतो, तरी धडधड थांबत नाही. आता मनात वेगळेच चालू असते : "मला असे का होते? हृदयाला काही झाले असेल का? उद्या पुन्हा झाले तर? लोक वेडी म्हणतील का?" ही दुसरी चिंता, म्हणजे चिंतेचीच चिंता.

शाळेत आम्हा शिक्षकांना हेच दहावीच्या मुलांत दिसते. पेपरची भीती सर्वांनाच असते. पण "मी घाबरलो तर सगळे विसरेन" ही भीती मुलाला जास्त छळते.

असे का होते? धोका वाटताच शरीर सावध होते. ॲड्रेनालिन रक्तात मिसळते, हृदय जोरात चालते, श्वास वाढतो, हातांना घाम येतो. ही अल्लाहने दिलेली संरक्षणाची सोय आहे. तिला खतपाणी मिळाले नाही तर ती थोड्या वेळात आपोआप ओसरते. पण धडधडीलाच आपण धोका मानले की शरीर पुन्हा सावध होते आणि धडधड आणखी वाढते. आपल्या दौंड तालुक्यात गुऱ्हाळे पुष्कळ आहेत. चुलवाणात चिपाड टाकत राहिले तर काहिलीतला रस उकळतच राहणार. दुसरी चिंता हे काम करते.

ऑस्ट्रेलियाच्या डॉक्टर क्लेअर वीक्स यांनी 1962 च्या आपल्या पुस्तकापासून हीच गोष्ट रुग्णांना साध्या भाषेत समजावली. पहिल्या भीतीवर आपला ताबा नसतो, दुसरी मात्र आपण स्वतः जोडतो, असे त्यांचे म्हणणे. अमेरिकेचे अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धत मांडली. महाराष्ट्रात ती रुजवण्याचे मोठे काम मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी केले. या पद्धतीत रुग्णाला आधी विचारतात, "अस्वस्थ झाल्याबद्दल तुम्ही स्वतःला दोष देता का?" देत असेल तर पुष्कळदा आधी ती गाठ सोडवतात. "मला चिंता वाटताच कामा नये" हा हट्ट सुटून "वाटली तर त्रास होईल, पण मी सोसू शकेन" इथपर्यंत मन आले की ओझे हलके होते.

आपल्या घरांत दुसऱ्या चिंतेला आणखी एक बाजू असते. "मी नमाज पढते, मग मला भीती का वाटते? माझे ईमान कमजोर आहे का?" अशा भगिनींनी हजरत मूसा (अ.) यांच्या आईचा प्रसंग आठवावा. बाळाला नदीत सोडल्यावर त्या माऊलीचे काळीज रिकामे झाले, असे कुरआनच सांगतो. अल्लाहने तिला दोष दिला नाही, तिच्या मनाला आधार दिला. आणि तिने काय केले? मुलीला बाळाच्या मागावर पाठवले, म्हणजे त्या क्षणी जे करण्यासारखे होते ते केले. प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः चिंता आणि दुःखापासून अल्लाहचा आसरा मागत. म्हणून चिंता वाटणे हा तवक्कुलचा अभाव समजू नये.

दहाव्या शतकात वारलेले विद्वान अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. मन शांत असताना चांगले विचार जमवून ठेवावेत, म्हणजे अडचणीच्या वेळी ते हाताशी येतात, असा त्यांचा सल्ला. आपणही एका कागदावर लिहून ठेवू शकतो : "ही धडधड मला माहीत आहे. ती मागेही आली आणि गेली."

प्रत्यक्ष वेळ आली की धडधड थांबवण्याची खटपट करू नये. "आली आहे, बसू दे" म्हणावे. श्वास सावकाश सोडावा आणि हातातले काम चालू ठेवावे, भाकरी थापायची असेल तर थापावी. "गेली का?" म्हणून सारखी नाडी तपासू नये. भीतीपोटी बाजार, प्रवास, लग्नकार्य टाळू नये, कारण टाळल्याने भीती मुरते. मुलाला "घाबरू नकोस" म्हणण्यापेक्षा "बेटा, घाबरत घाबरत लिहिलेस तरी चालेल" असे सांगावे.

छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवावे. थायरॉईड किंवा रक्ताची कमतरता यांनीही धडधड होते. झोप उडाली, जेवण जात नाही, कामे अडली असे आठवडेच्या आठवडे चालले, किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर मदत घ्यायला उशीर करू नये. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत, मराठीतही बोलता येते. मानसिक उपचार मिळणे हा 2017 च्या कायद्याने प्रत्येकाचा हक्क आहे.

घरातल्यांनीही एवढे करावे. अम्मी किंवा सून अस्वस्थ दिसली तर "एवढ्याशा गोष्टीचे काय घेऊन बसलीस?" असे बोलू नये. त्या एका वाक्याने दुसरी चिंता जोडली जाते. शेजारी बसावे, पाणी द्यावे, दुआ करावी आणि तिचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकावे.