फ्रेंच-फिनिश दुभाषी कसा शोधायचा? ऑनलाइन विक्री करणाऱ्यांसाठी



परदेशात ऑनलाइन माल विकायचा म्हटलं की वेबसाइट, पेमेंट, कुरिअर यावर सगळे तासभर बोलतात. भाषेचं काम मात्र 'बघू नंतर' म्हणून मागे पडतं. म्हणून आज मुद्दाम एक अवघड जोडी घेऊ. समजा, फ्रान्समधल्या मार्सेय शहरातला एक छोटा साबण उत्पादक आहे. त्याला वेबसाइटवरून फिनलंडमध्ये विकायचंय आणि तिथल्या होलसेलरशी व्हिडिओ कॉलवर भाव ठरवायचाय. जोडी वेगळी असली तरी पद्धत तुम्हाला कामी येईल.

आधी एक गोंधळ मिटवा. कॉलवर बोलणं पोहोचवतो तो दुभाषी. वेबसाइट, अटी, बिल लिहून देतो तो अनुवादक. बरेच जण एकालाच दोन्ही कामं सांगतात. काहींना दोन्ही जमतं, पण विचारल्याशिवाय गृहीत धरू नका.

शोधायचं कुठे? फ्रान्समध्ये एसएफटी ही अनुवादकांची संघटना १९४७ पासून आहे, फिनलंडमध्ये एसकेटीएल १९५५ पासून. दोघांच्या वेबसाइटवर भाषेनुसार सभासद शोधता येतात. परिषदांमधल्या दुभाष्यांसाठी एआयआयसी ही आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिथे 'ए' म्हणजे मातृभाषा, 'बी' म्हणजे जिच्यात तो बोलूही शकतो, 'सी' म्हणजे फक्त समजते ती. भावाची बोलणी दोन्ही बाजूंनी चालतात, त्यामुळे फ्रेंच 'सी' असलेला फिनिश माणूस इथे अर्धंच काम करेल. हे नीट बघा!

आता खरी परीक्षा. 'तुम्हाला ई-कॉमर्स येतं का?' असं विचारलं तर सगळे हो म्हणणार. त्याऐवजी शब्द विचारा. फ्रेंचमध्ये 'रांबुर्समाँ' म्हणजे पैसे परत. पण 'कोंत्र रांबुर्समाँ' म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरी! फिनिशमध्ये त्याला 'पोस्टिएनाक्को' म्हणतात. इथे जो अडखळला, त्याने ऑनलाइन विक्रीचं काम फारसं केलेलं नाही असं मी धरेन.

दुसरा प्रश्न माल परत करण्याचा. युरोपियन युनियनमध्ये ऑनलाइन ग्राहकाला साधारणपणे १४ दिवसांत कारण न देता खरेदी रद्द करता येते. या हक्काची माहिती विक्रेत्याने दिलीच नाही, तर ती मुदत आणखी १२ महिन्यांपर्यंत लांबू शकते. म्हणजे तो परिच्छेद अनुवादात गळला, तर वर्षभरानंतरही साबण परत यायची शक्यता. चार युरो वाचवायला मशीनचं भाषांतर तसंच चिकटवणाऱ्यांनी एवढा एक परिच्छेद तरी माणसाकडून तपासून घ्यावा.

फिनलंडची लोकसंख्या जेमतेम ५६ लाख. त्यात फ्रेंच येणारा आणि व्यापार कळणारा दुभाषी लगेच मिळेलच असं नाही. मग रिलेचा पर्याय राहतो: एक जण फ्रेंचचं इंग्रजी करतो, दुसरा इंग्रजीचं फिनिश. यात खर्च दोघांचा, वेळही जास्त, आणि भावातला आकडा दोन तोंडांतून जातो. होलसेलरला इंग्रजी चालत असेल तर सरळ इंग्रजीतच बोला आणि दुभाष्याचे पैसे वेबसाइटच्या अनुवादावर घाला. मला हे जास्त पटतं.

माणूस ठरला की कॉलच्या दोन-तीन दिवस आधी भावपत्रक, मालाची यादी आणि डिलिव्हरीच्या अटी त्याला पाठवा. कॉल रद्द झाला तर किती पैसे द्यायचे, हे लेखी घ्या. आणि हो, मार्सेयमध्ये दहा वाजतात तेव्हा हेलसिंकीत अकरा वाजलेले असतात. मेलमध्ये दोन्ही वेळा टाका.